पॉइंटमागे सहाशे

मंगळवार, रात्री साडेदहा

सांगलीच्या गावभागातलं काम एकदाचं संपलं. सीसीटीव्हीचे चार कॅमेरे, एका दिवसात उरकेल म्हणून घेतलेलं काम अडीच दिवस चाललं.

चूक माझीच. जागा न बघता फोनवर दर सांगून मोकळा झालो. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, 1 टीबीची हार्ड डिस्क, वायरीचं 90 मीटरचं एक बंडल आणि बसवायचे पॉइंटमागे, म्हणजे कॅमेऱ्यामागे, 600. ज्यांच्याकडे शिकलो त्यांचा हाच हिशेब होता. पण त्यांची कामं विश्रामबागच्या फ्लॅटमधली. विटांची भिंत, ड्रिल लावलं की आरपार, वायर झाकायची केसिंग पट्टी ठोकली की झालं. हा होता जुना वाडा. दगडमातीची भिंत दीड फूट रुंद आणि माझा बिट फूटभर. दोन्ही बाजूंनी भोकं पाडून मधे एकमेकांना गाठायची. दुसऱ्या भोकात दगड आला, बिट सरकला आणि आतल्या अंगाने ताटाएवढा गिलावा धाडकन खाली, थेट घरच्या काकूंच्या वाळवणावर. काकू काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग डीव्हीआर. 2019 च्या पुरात त्यांच्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं, म्हणून डीव्हीआर माडीवरच पाहिजे. बरोबर आहे, पूर आलेल्या घरात मी आपणहून तेच सांगतो. फक्त दर सांगताना ते डोक्यात नव्हतं. चारही वायरी माडीवर चढवायच्या, तर तिसऱ्या कॅमेऱ्यालाच बंडल संपलं. दुसरं आणलं, 1,900 रुपये.

त्यात काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन. "महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहील ना?" एका कॅमेऱ्याला 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट, धरले तर दिवसाला 21 जीबीच्या वर जातात, चारांचे 86. म्हणजे 1 टीबी अकरा दिवसांत भरणार, मग जुनं पुसून नवं. महिना पाहिजे तर 4 टीबीची डिस्क घ्या म्हटलं. तर म्हणतो, "ऑनलाइनला तर आख्खा सेट तुमच्यापेक्षा स्वस्त दिसतोय." दिसणारच. त्या सेटबरोबर शिडीवर चढणारा माणूस येत नाही. हे मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "बघतो काय करता येतंय." शेवटी हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड होईल असं सेटिंग करून दिलं. पुढे झाडाची फांदी हलते, त्यामुळे किती दिवस पुरेल देव जाणे.

आता हिशेब. बसवायचे 2,400. पोऱ्याची हजेरी 700 ने अडीच दिवसांची 1,750. राहिले 650. त्यातून बंडलाचे 1,900 गेले. मालावर सुटले होते 1,400. हातात दीडशे. पांढरा सिमेंट, पेट्रोल आणि माझे अडीच दिवस यात धरलेले नाहीत. निम्मं बंडल उरलंय, ती कमाई म्हणायची.

उद्या मार्केट यार्डात हळदीचं गोडाऊन. शेठ फोनवरच विचारत होते, "पॉइंटला किती घेता ओ?" आधी येऊन बघतो म्हटलं. पत्रा उंच असेल तर शिडी भागायची नाही, पहाड, म्हणजे परांची, बांधावा लागेल, त्याचं भाडं वेगळं. हळदीची धूळ काचेवर बसणार, महिन्या-दोन महिन्यांनी पुसायला कोण येणार ते आधीच बोलून घ्यायचं. वायर मीटरवर, उंची वेगळी, नंतरच्या फेरीचे 300. वहीत लिहून ठेवलंय, खाली दोन रेघा मारल्यात.

हे लिहिताना काकूंचा फोन आला. मोबाइलवर दिसेना म्हणतात. मुलाने वायफायचा पासवर्ड बदललाय, दुसरं काही नाही.

"सकाळी येतो काकू," म्हणालो. तीनशेचं काही बोललो नाही.