डोंगर बघायचा तर डोंगरावरच चढा: कान्हेरी, गिल्बर्ट हिल, मलबार हिल

बोरिवली स्टेशनच्या पुलावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की पूर्वी नॅशनल पार्कचा डोंगर आडवा पसरलेला दिसायचा. आता दोन टॉवरांच्या फटीतून त्याची एक हिरवी पट्टी दिसते आणि लोकल थोडी पुढे सरकली की तीही जाते. कांदिवलीपासून दहिसरपर्यंत हीच तऱ्हा. मुंबईत डोंगर-टेकड्या पुष्कळ आहेत, पण रस्त्यावरून त्या दिसेनाशा झाल्यात. त्या बघायच्या तर त्यांच्या माथ्यावरच जावं लागतं. तिथून खाली पाहिलं की हे शहर आज दिसतं तसं का उभं राहिलं, तेही उलगडतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस नुकताच ओसरलेला असताना, साताऱ्याहून आलेल्या मामांना घेऊन मी वेस्टर्न लाइनवरचे तीन माथे एका दिवसात केले. सकाळी बोरिवलीहून नॅशनल पार्कातली कान्हेरी लेणी, दुपारी अंधेरीचं गिल्बर्ट हिल, संध्याकाळी मलबार हिल. हा क्रम मी उजेडाच्या हिशेबाने लावला होता आणि तुम्हीही तो बदलू नका. सकाळी कान्हेरीच्या माथ्यावरून पश्चिमेला बघताना सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे टॉवर, खाडी, समुद्र सगळं स्वच्छ दिसतं. मरीन ड्राइव्हच्या इमारतींची तोंडं पश्चिमेला, म्हणून त्यांच्यावर ऊन येतं ते उतरतीचं. उलट क्रमाने गेलात तर दोन्हीकडे डोळ्यांवर ऊन घेऊन बसाल.

महिनाही जपून निवडा. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड असली तरी धुरकं इतकं असतं की कान्हेरीवरून समुद्राची रेघ सापडत नाही. पावसाने हवा धुऊन निघालेली असते तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. भर पावसातली एखादी उघडीप मिळाली तर फारच छान, पण तेव्हा कातळ शेवाळाने निसरडा असतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तो नाद करू नये.

बोरिवली पूर्वेला उतरून हायवेपलीकडच्या पार्कच्या गेटपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. मामांसाठी आम्ही रिक्षा केली. गेट सकाळी साडेसातच्या सुमारास उघडतं. सोमवारी पार्क बंद असतं, हे विसरू नका. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आतल्या बसने जाता येतं, भाड्याने सायकलही मिळते. पण शेवटचा चढ दमवणारा आहे, तेव्हा सवय असेल तरच सायकल घ्या. पार्कचं तिकीट गेटवर काढायचं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, ते वर. खाऊची पिशवी हातात धरून चालू नका, माकडं सरळ हिसकावून नेतात. सॅक पाठीला, चेन बंद. पाणी भरपूर घ्या.

बहुतेक लोक तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, बघून, फोटो काढून परततात. तसं करू नका. चैत्यगृहासमोर जरूर थांबा, तिथले उंच खांब आणि दारातल्या भव्य बुद्धमूर्ती बघण्यासारख्याच आहेत. पण मग कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढत राहा. इथे शंभरावर लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येकीच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे. वरच्या सपाट काळ्या खडकावर उकिडवं बसून नीट पाहिलं तर बोटभर रुंदीच्या पन्हळी दिसतात. छिन्नीचे घाव अजून ओळखू येतात. पाऊस पडला की खडकावरचं पाणी या पन्हळींतून घरंगळत खालच्या टाक्यांत जाऊन पडायचं. मामांनी एका पन्हळीत बाटलीतलं घोटभर पाणी ओतलं. ते वळण घेत, कुठेही न सांडता, बरोबर टाक्याच्या तोंडाशी गेलं. इथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांच्या दात्यांची नावं आहेत. टाकी खोदून देणं हेही दानच समजलं जायचं. मुंबईचा डोंगर आणि मुंबईचं पाणी यांचं नातं इतकं जुनं आहे, आणि मलबार हिलला पोचेपर्यंत ते ध्यानात ठेवा.

माथ्यावर पोचलात की आधी पश्चिमेला बघा. हायवेच्या कडेने टॉवरांची रांग उभी आहे, तिच्यामागे गोराईची खाडी, खारफुटीचा गडद पट्टा, विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस आणि त्यापलीकडे समुद्र. मग पाठ फिरवून पूर्वेला बघा: दूरवर नुसतं रान, एकामागे एक डोंगराच्या घड्या, थेट ठाण्याच्या येऊरपर्यंत. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल मधोमध आहे म्हणून मुंबईची उपनगरं दोन पट्ट्यांत वाढली, एक पश्चिम रेल्वेच्या कडेने आणि दुसरा मध्य रेल्वेच्या. मुलुंडचा माणूस बोरिवलीला जायचं म्हटलं की घोडबंदरचा नाही तर पवईकडून जोगेश्वरीचा वळसा घेतो, तो याच डोंगरामुळे. आता डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली बोगद्यांची कामं हाती घेतली आहेत.

टॉवरांची रांग जंगलाला इतकी चिकटून का? जंगलाकडे तोंड असलेल्या फ्लॅटला बिल्डर भाव जास्त लावतो, म्हणून. पुढच्या रांगेने तो देखावा विकत घेतला की मागच्या रांगेचा मिटतो, आणि सगळ्यात मागे रस्त्यावर चालणारा माणूस उरतो. 2016 मध्ये पार्कभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, त्यामुळे कडेच्या बांधकामाला काही नियम लागू आहेत. मला स्वतःला वाटतं, आकाशात डोंगराची रेघ किती दिसत राहिली पाहिजे याचाही नियम हवा. झाडं आणि बिबटे वाचवणं पहिलं, यात वाद नाही. पण ज्या पोराला घराच्या गच्चीवरून डोंगरच दिसत नाही, त्याने मोठेपणी तो वाचवायला का धावावं?

हे जंगल उरलं तेही पाण्यामुळे. विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला, तुळशी 1879 मध्ये. शहराला प्यायचं पाणी इथून मिळायचं, त्यामुळे तलावांत जिथून पाणी येतं ते डोंगरउतार मोकळे ठेवणं भाग होतं. तीच राखलेली जमीन पुढे राष्ट्रीय उद्यानाचा गाभा झाली. तुळशी तलावाकडे तुम्हाला जाऊ देणार नाहीत, हट्ट धरू नका. पार्कातला सर्वात उंच माथा साडेचारशे मीटरच्या वर आहे. तिथे जायचं तर पार्कच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे, परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच. एकट्याने पायवाटा शोधत फिरू नका, हा बिबट्याचा मुलूख आहे.

उतरताना लेण्यांच्या पायथ्याशी पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. उभी चिरून तिखट-मीठ लावलेली काकडी त्या उन्हात घ्याच. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

बोरिवलीहून लोकलने अंधेरी. स्टेशनजवळ जेवून घ्या, कारण गिल्बर्ट हिलपाशी बसून जेवण्याजोगं फारसं काही नाही. पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिल, गावदेवी मंदिर’ एवढंच सांगा. मेट्रोने आलात तर आझाद नगर किंवा डी. एन. नगरला उतरा. गल्ल्या अरुंद आहेत, स्वतःची गाडी आणण्याच्या भानगडीत पडू नका.

गल्लीचं वळण संपतं आणि समोर एकदम काळाकभिन्न उभा कातळ येतो. सुमारे 61 मीटर उंच, अखंड, बाजूने उभ्या खांबांची रास लावल्यासारखा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि हे बहुकोनी स्तंभ झाले. अमेरिकेतल्या वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवरही अशाच उभ्या स्तंभांचा आहे. 1952 मध्ये केंद्र सरकारने याला संरक्षित दर्जा दिला, 2007 मध्ये महापालिकेने वारसा यादीत घेतलं. त्याआधी आणि नंतरही आजूबाजूचा दगड खाणीसाठी फोडला गेला. उरलेल्या सुळक्यावर गावदेवीचं देऊळ आहे. देवीची वहिवाट होती म्हणून या माथ्यावर लोकांचा पाय टिकला, असं मला तरी वाटतं.

पायऱ्या कातळातच आहेत, उभ्या आणि उंच-सखल. मामांनी तीन ठिकाणी थांबत, कठड्याला धरून त्या चढल्या. गुडघ्यांचं दुखणं असेल तर खालूनच बघावं. स्तंभांची रचना खालूनच नीट दिसते, वरून नाही. देवळाचा परिसर आहे, तेव्हा मोठमोठ्याने बोलणं, माथ्याच्या कडेवर सेल्फी काढणं टाळा. नवरात्रात गर्दी असते.

वर गेल्यावर मामा बराच वेळ गप्पच होते. मग म्हणाले, “आमच्या अजिंक्यताऱ्यावरून गाव खाली दिसतं. इथं तर लोक खिडकीतून आपल्याकडे खाली बघतायत की रे.” आणि खरंच तसं आहे. 61 मीटर म्हणजे जेमतेम वीस मजले; शेजारचे नवे टॉवर त्याहून उंच गेलेत. सहा कोटी वर्षांचा कातळ आता आभाळाच्या रेषेत उरलेला नाही, हे पाहून मला वाईट वाटलं. आग्नेयेकडे मात्र इमारती बुटक्या आहेत. तिकडे विमानतळ, धावपट्टीच्या आसपास उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे विमानासाठी आपण आभाळ मोकळं ठेवू शकतो. ईशान्येला इमारतींच्या वर सकाळचा नॅशनल पार्कचा डोंगर पुन्हा दिसला, निळसर.

चार-साडेचारला खाली उतरा, म्हणजे दिवस मावळायच्या आत मलबार हिल गाठता येतं. ग्रँट रोडला उतरून टॅक्सी करावी. कमला नेहरू उद्यान, म्हणजे आपला म्हातारीचा बूट, आणि समोर फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात. ही बाग 1880 च्या दशकात बांधलेल्या पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे. दक्षिण मुंबईला पाणी उताराने जावं म्हणून टाकी उंचावर हवी होती. टाकी होती म्हणून त्या जागेवर बंगले उठले नाहीत, बाग झाली. कान्हेरीच्या टाक्या, विहार-तुळशीचं रान आणि ही बाग, तिन्ही ठिकाणी पाण्यानेच माथा मोकळा राखला.

बुटाच्या मागच्या कठड्यावरून बॅकबेचा, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्राचा, अर्धगोल दिसतो. पाच-साडेपाचला ऊन सरळ मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर पडतं आणि त्यांची ती सारख्या उंचीची, बुटकी, पिवळट रांग उजळून निघते. तिच्यामागे नवे टॉवर डोकावतात, त्यामुळे जुन्या रांगेचा सारखेपणा अजूनच डोळ्यांत भरतो. इथून चौपाटी आणि बॅकबेचा देखावा अडू नये म्हणून खालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन घालणारी तरतूद शहराच्या विकास नियमावलीत केली गेली. सकाळी कान्हेरीवर मी मागत होतो तो नियम इथे सापडला! मलबार हिलला जे सुचलं ते बोरिवलीला का सुचू नये?

जवळच सिरी रोडच्या बाजूला महापालिकेने 2025 मध्ये झाडांमधून जाणारा उन्नत लाकडी मार्ग खुला केलाय. लांबी 485 मीटर, तिकीट 25 रुपये, पहाटे पाच ते रात्री नऊ. आधी ऑनलाइन बुकिंग करून जा, सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही. मार्ग सपाट आहे, दिवसभर चढउतार केलेल्या मामांना तो सगळ्यात आवडला. आम्ही सहाचा स्लॉट घेतला आणि अंधार पडता पडता पुन्हा कठड्याशी आलो, दिवे लागताना बघायला. तुम्ही उलट करायला हरकत नाही.

तीन ठिकाणं एका दिवसात जास्त वाटली तर गिल्बर्ट हिल वगळू नका, कान्हेरी वेगळ्या दिवशी ठेवा. आणि आणखी एक संध्याकाळ हाताशी असेल तर हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरून भंडारवाड्याच्या टेकडीवर चढा. लोकमान्यांचे सहकारी जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग तिथे आहे, तीही पाण्याच्या टाकीवरच. पूर्वेला गोदीच्या क्रेन आणि बंदर दिसतं, गर्दी मलबार हिलच्या मानाने फारच कमी, आणि स्टेशनपासून चढ पाच-दहा मिनिटांचाच.