तुम्ही विचारलंत म्हणून: रजोत बाजूला बसावं लागतं का?

जून आला की फोन सुरू होतात. कॉलनीतल्या काकू, ऑफिसातल्या मुली, परवा तर मामेबहिणीची सासू. "तुझ्या सासरी ओडिशात म्हणे पाळीचा सण असतो! मग तिकडे बाजूला बसणं वगैरे नसेल ना?"

आधी नाव नीट घ्या. राजा काय म्हणता! रजो. रजस्वलेतला रज. मिथुन संक्रांतीला धरून तीन दिवस धरतीला पाळी येते, तेव्हा नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, मुलींनी अनवाणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही, चौथ्या दिवशी तिला न्हाऊ घालायचं. झोक्यांचे फोटो तुम्ही पाहिलेतच.

हा प्रश्न माझ्या मागे मीच लावून घेतला. साखरपुडा झाल्यापासून मी मिरवत होते, "तुमच्याकडे कावळा शिवतो, आमच्या सासरी अख्खं गाव झोके घेतं!" तेव्हा एकही रजो पाहिलेला नव्हता.

पहिला पाहिला तो पुरी जिल्ह्यातल्या सासरच्या गावी. आदल्या दिवशी, सजबाजला, तांदूळ-उडीद वाटून कंबर मोडली. मुलींना तीन दिवस सुट्टी असते ती सुनांच्या आदल्या दिवसाच्या जिवावर, हे तेव्हाच कळलं. पण दुसऱ्या दिवसापासून मजा होती. पायाला आलता, तोंडात पान, आंब्याला दोराचा झोका. संक्रांतीच्या दुपारी त्या झोक्यावरच मला पाळी आली.

मला हसूच आलं. म्हटलं, काय मुहूर्त साधलाय! नणंदेला सांगितलं, तिनं बोऊंना. बोऊ म्हणजे सासूबाई. त्या अजिबात रागावल्या नाहीत. उलट पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "देवघराकडे जाऊ नकोस हं. स्वयंपाकघरातही नको." जेवणाचं ताट नणंदेनं दारात आणून ठेवलं. रात्री पोडपिठ्याची, म्हणजे तांदूळ-उडदाच्या भाजलेल्या केकची, करपलेली कड मला आवडते म्हणून बोऊंनी मुद्दाम राखून पाठवली. तीही दारातच.

चौथ्या दिवशी वसुमती स्नान. अंगणात शिळा आणली, म्हणजे आपला पाटा. तीच धरती. तिला हळद लावली, पाणी घातलं, शेंदूर, फुलं. रोज त्याच पाट्यावर मी मोहरी वाटत होते. त्या दिवशी ओसरीच्या खांबाला टेकून बघत होते. तिचे तीन दिवस झाले होते, माझा एक बाकी होता.

रडले. नवऱ्याला म्हटलं, "दगडाला पाळी आली तर चालते." तो म्हणाला, "बोऊला असं काही बोलू नकोस." नाही बोलले.

आता लगेच "म्हणजे तिकडेही तेच!" म्हणू नका. आपलं काय होतं? माझ्या आजीला पहिलं न्हाण आलं तेव्हा मखरात बसवून फुलांनी सजवलं होतं, आणि पुढच्या महिन्यापासून कोपरा. निदान बोऊंच्या गावात मुली "रजो आला" असं बापासमोर मोठ्यांदा म्हणतात. मला पॅड आजही काळ्या पिशवीत मिळतं. १५ ऑगस्ट २०२४ ला ओडिशाच्या उपमुख्यमंत्री प्रवती परिडा यांनी पाळीसाठी एका दिवसाची रजा जाहीर केली, तेव्हा तुमच्यापैकी तिघींनी मला ती बातमी पाठवली, जणू मीच मंजूर केली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण ती ओसरी काही त्या बातमीत नव्हती.

एकदा बोऊंना विचारलंच. म्हणाल्या, "लहानपणी वर्षातून तीन दिवस मला कुणी विळीवर बसवत नसे. मी पाय हलवत बसायचे." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण सांगताना त्यांचे पाय खरंच हलत होते, मग मी पुढे काय भांडणार?

तर बाजूला बसावं लागतं का? सांगितलं तर लागतं. गेली काही वर्षं त्या दिवसांत तारीख आली तर मी सांगतच नाही. शिळेला हळद लावते. गेल्या वर्षी माझ्या पाळीचा दुसराच दिवस होता, बोऊंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि हळदीची वाटी पुढे केली. कळलं होतं की नाही, देव जाणे. विचारायची माझी हिंमत नाही.