‘दिसत नाही’ म्हणजे कोणाला?

हार्ड डिस्कचा डॉक ही टोस्टरच्या कुळातली वस्तू. वर खाच, खाचेत पावाच्या स्लाइससारखी उभी डिस्क, मागून एक वायर कॉम्प्युटरकडे आणि एक भिंतीकडे. टोस्टर बिघडला तर पाव पांढरा राहतो, विषय संपला. डॉकच्या बाबतीत मात्र दुखणं काहीही असो, तक्रार एकच असते: "कॉम्प्युटरला दिसतच नाहीये!" डॉक्टरांना नुसतं "बरं वाटत नाही" सांगण्याइतकंच हे मोघम.

कारण डिस्क दिसायची तर बऱ्याच जणांना ओळीने हो म्हणावं लागतं. डिस्कला पुरेशी वीज हवी, तबकड्या फिरायला हव्यात, डॉकच्या पोटातल्या ब्रिज चिपला (डिस्क आणि यूएसबी यांच्यातला दुभाषा) डिस्क कळायला हवी, त्या चिपचं यूएसबीवरून कॉम्प्युटरशी बोलणं व्हायला हवं, विंडोजला पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या कप्प्यांची, नोंद वाचता यायला हवी आणि सर्वांत शेवटी ई, एफ, जी असं एखादं अक्षर डिस्कच्या वाट्याला यायला हवं. ‘धिस पीसी’ उघडून आपण बघतो ती नेमकी ही शेवटची पायरी. तिथे काही नाही म्हणून डॉक कचऱ्यात टाकणं म्हणजे दार उघडलं नाही म्हणून घर पाडण्यातला प्रकार. आणि हो, बरेच डॉक रिकामे असताना कॉम्प्युटरला मुळी दिसतच नाहीत. डिस्क न घालता केलेली चाचणी मोजू नये.

पहिली तपासणी डोळ्यांची नाही, कानांची. पंखा बंद करा, डिस्क घाला, डॉकचं बटण दाबा. ठीकठाक डिस्क हळूहळू घुर्र करत वेग धरते, मग आत वाचणारं-लिहिणारं हेड बाहेर आल्याची बारीकशी ‘टिक’ होते आणि त्यानंतर एकसुरी घूं राहते. बोट टेकवलं तर थरथर जाणवते. यातलं काहीच झालं नाही, किंवा डिस्क फिरायला लागते, दमते, थांबते, पुन्हा फिरायला लागते असं चाललं, तर विंडोजमध्ये डोकं घालू नका. गाठा अडॅप्टर.

माझ्या मते डॉकच्या दुखण्यांत सर्वांत कमी संशय घेतला जातो तो या काळ्या ठोकळ्यावर. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क मोटर फिरवायला १२ व्होल्ट घेते आणि सर्किट चालवायला ५ व्होल्ट. थांबलेल्या तबकड्यांना वेग देताना पहिले काही सेकंद ती १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. वेग आला की अर्ध्या अँपिअरच्या आसपास भागतं. घरात १२ व्होल्टच्या अडॅप्टरांचा गोतावळा असतो. राउटरचा, सेट-टॉप बॉक्सचा, कॅमेऱ्याचा. सगळे काळे, बहुतेकांची पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटरचीच. साफसफाईत अदलाबदल होते आणि १२ व्होल्ट १ अँपिअरचा राउटरवाला डॉकच्या नशिबी येतो. डॉकचा निळा दिवा झोकात लागतो, कारण दिव्याला लागतं काय! डिस्क मात्र जागची हलत नाही. दिव्याखाली अंधार तो हा. एका डिस्कच्या डॉकला निदान २ अँपिअर, दोन खाचांच्या डॉकला ३ किंवा अधिक लागतात. डॉकच्या बुडाशी छापलेला आकडा पाहा आणि तेवढाच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर वापरा. व्होल्ट मात्र १२ म्हणजे १२च. पिनेच्या आतलं भोक २.१ की २.५ मिलिमीटर, हेही बघा. अडीचवाली पिन २.१च्या सॉकेटात बसते, पण खिळखिळी, आणि वायर हलली की डिस्क गायब होते.

मूळचाच अडॅप्टर असला तरी तो निर्दोष ठरत नाही. आतले कपॅसिटर थकले की मल्टीमीटरवर रिकामा अडॅप्टर १२ व्होल्ट दाखवतो आणि डिस्कने जोर लावला की दाणकन खाली येतो. याची बिनमीटरची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क किंवा एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते. ती डॉकमध्ये चालली आणि साडेतीन इंची अडली, तर नव्वद टक्के अडॅप्टरच. दुसऱ्या चांगल्या अडॅप्टरवरही डिस्कची ठराविक लयीत ‘खट्-खट्’ चालूच राहिली तर दुखणं डिस्कचं आहे. आतलं लाखमोलाचं असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.

डिस्क फिरते, पण कॉम्प्युटर ढिम्म, असं असेल तर केबल आणि पोर्ट. यूएसबी ३ची डॉककडची पिन चौकोनी, वर छोटा मजला चढवल्यासारखी असते. वेगासाठीचे जादा पाच संपर्क त्या वरच्या मजल्यात असतात. पिन पूर्ण बसली नाही की कधी डॉक येतो-जातो, कधी यूएसबी २च्या चालीने चालतो आणि सेकंदाला चाळीसेक मेगाबाइटवर अडकतो. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतून लांब वायरीने जोडलेले असतात. मागचे थेट मदरबोर्डवर. तपासणी नेहमी मागच्या पोर्टवर, हब मधे न आणता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ दिसला, तर डॉकचा अडॅप्टर आणि यूएसबी दोन्ही काढून मिनिटभर थांबा, मग पुन्हा जोडा. चिप कधीकधी नुसती रुसलेली असते. काही वेळ ठीक चालून डॉक गडप होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (रिकाम्या बसलेल्या यूएसबी वस्तूला झोपवणारी सोय) बंद करून पाहावं.

डिस्कची कड एकदा प्रकाशात धरून पाहण्यासारखी असते. डेटाचे सात आणि विजेचे पंधरा सोनेरी पट्टे, मधे फट. कोकणातल्या एका पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या डिस्कवर हे पट्टे मळकट दिसू लागतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावेत. खोडरबरही चालतो, पण मग भुसा झटकायला विसरायचं नाही. डेटा आणि विजेच्या मधली ती फट प्लास्टिकने भरलेली दिसली तर ती सर्व्हरची एसएएस डिस्क. ती या डॉकची नाहीच. जोर लावाल तर डॉकचं सॉकेट जाईल.

आता खरी काळजाची जागा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात डॉकमधल्या डिस्कची ‘डिस्क १’सारखी ओळ दिसली, तर डॉक, केबल, अडॅप्टर बहुतेक सुटले. ओळ आहे पण अक्षर नाही, तर पार्टिशनवर राइट क्लिक करून अक्षर द्या, अर्ध्या मिनिटाचं काम. ‘ऑफलाइन’ लिहिलं असेल तर ती बहुधा आधीच जोडलेल्या डिस्कची हुबेहूब नक्कल आहे. दोघींची सही एकच म्हणून विंडोजने एकीला बाहेर बसवलंय. ऑनलाइन केलं की विंडोज तिची सही बदलतं, त्यामुळे त्याच नकलेवरून पुढे कॉम्प्युटर सुरू करायचा बेत असेल तर हात आवरा.

पण सर्वांत फसवी ती मधोमध उगवणारी चौकट: डिस्क इनिशियलाइझ करायची का? एमबीआर की जीपीटी (कप्प्यांची नोंद ठेवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती)? ओके आधीच निळं झालेलं. डिस्क कोरी असेल तर जीपीटी निवडा, प्रश्नच नाही. भरलेली असेल तर कॅन्सल. ओके म्हणजे हात दाखवून अवलक्षण: फाइली पुसल्या जात नाहीत, पण त्या कुठे आहेत त्याचा नकाशा बदलतो. ‘फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाचंही उत्तर ‘नाही’च. सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली किंवा नॅसमधली (नेटवर्कवरच्या साठवणपेटीतली) डिस्क विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ती रिकामी ठरत नाही. एक्स्टर्नल डिस्कच्या काही जुन्या डब्यांच्या चिपा २ टेराबाइटपुढची डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत छोटा तुकडा) असल्याचं भासवायच्या. तीच डिस्क ५१२ सांगणाऱ्या डॉकमध्ये घातली की नकाशा जुळत नाही. डिस्क जुन्या डब्यात परत घाला, सगळं जागच्या जागी. काही एक्स्टर्नल डिस्कचा डबाच आतला मजकूर कुलूपबंद करतो. डब्याबाहेर डॉकमध्ये नुसता कचरा दिसतो. आणि ३ टेराबाइटची डिस्क ७४६ गिगाबाइट दिसली तर समजा, डॉकची चिप ३२ बिटांची मोजणी करतेय. २ टेराबाइट भरले की तिचा आकडा पुन्हा शून्यावर येतो, उरलेले तेवढेच दिसतात (विंडोजच्या मोजणीत २७९४ उणे २०४८). या डॉकवर त्या डिस्कमध्ये काहीही लिहू नका.

दोन खाचांच्या डॉकवरचं क्लोनचं बटण ‘हे काय’ म्हणून दाबायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो. दुसऱ्या खाचेतली डिस्क पहिलीची प्रत होते आणि तिच्यातलं आधीचं सगळं जातं.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: डिस्क, नाहीतर पोर्ट, नाहीतर केबल, नाहीतर अडॅप्टर. आणि दर वेळी डिस्क काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’, मग डॉकचं बटण बंद, मग पंधरा-वीस सेकंद गप्प बसणं. घाईत उचललेली डिस्क हातात तिरपी करून पाहा, म्हणजे नका पाहू, पण कधी घडलंच तर कळेल: ती मनगटाला विरोध करते, फिरत्या भोवऱ्यासारखी. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरत असते आणि अजून थांबलेली नसते.