स्लॅबची गरमी, कापसाची गंजी अन् आपलं शांत घर

शांत घराच्या रील्स मी बी पाहते, खोटं कशाला बोलू. सगळीकडे एकच घर दिसतं. मळकट पांढऱ्या भिंती, पांढरा सोफा, खाली पांढरं जाजम अन् कोपऱ्यात सुकलेल्या गवताचा तुरा उभा केलेला. आमच्या बैठकीत असा तुरा ठेवला तर सासूबाई सरळ विचारतील, "हे बकरीले टाकाचं राह्यलं का?" अन् पांढऱ्या जाजमाचं म्हणाल तर जुलैत वावरातून येणाऱ्या माणसाच्या पायाला काळी माती अशी चिकटलेली असते की दारातल्या बादलीत पाय धुतले तरी दोन पावलं उमटतातच, मंग ते जाजम धुवायचं कोणी, रील काढणारी येणार आहे का.

म्हणून इथल्या, म्हणजे विदर्भातल्या घराबद्दल, इथल्या हिशोबानं लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे शांत घर म्हणजे आधी थंड घर. मे महिन्यात पारा 45-46 च्या वर, चंद्रपूर-ब्रह्मपुरी-अकोला-वर्ध्याचं नाव देशाच्या बातम्यांत, अन् घरात रात्री एक वाजला तरी स्लॅबखाली झोप नाही. पोरं किरकिर करतात, माणसं एकमेकांवर खेकसतात, कोणी उठून अंगणात बाज टाकतं. त्या टायमाला भिंतीला कोणता शेड मारला याच्यानं काहीच फरक पडत नाही. स्लॅबचं काय असते, सिमेंट-गिट्टीचा तो जाड थर दिवसभर ऊन पिऊन घेतो अन् सूर्य बुडाल्यावर तीच गरमी खाली सोडत बसतो, म्हणून संध्याकाळी बाहेर बरं वाटते अन् आत भट्टी. पडदे-बिडदे नंतर, पैसे आधी छतावर लावा.

आम्ही होळी झाली की स्लॅबवर चुना मारतो. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, धरून राहावा म्हणून थोडा फेविकॉल टाकायचा अन् झाडूनं दोन हात मारायचे, संध्याकाळी मारला तर चांगला बसतो. पांढऱ्यावर ऊन पडलं की बरंचसं परत जाते, तेवढंच आत कमी शिरते. पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण दुकानातल्या उष्णतारोधक पेंटच्या डब्यापुढे हा खर्च काहीच नाही. त्याच्यावर आणखी करायचं असेल तर कृषी केंद्रात मिळते ती हिरवी शेडनेट बांबूवर ताणून बांधा, पण स्लॅबला चिकटवून नको, माणूस वाकून खालून जाईल एवढी उंच ठेवा म्हणजे मधून हवा खेळते. अन् पश्चिमेची भिंत विसरू नका! दुपारचं सगळं ऊन तीच खाते. आमच्या त्या भिंतीला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा मांडव आहे, त्याच्यावर पावसाळ्यात दोडक्याचा वेल चढतो, उन्हाळ्यात नुसती पऱ्हाटी असली तरी सावली पडते. कडुलिंब लावला तर सगळ्यात बेस्ट, पण त्याला वर्षं लागतात अन् आपल्याला या मेमध्येच झोपायचं असते.

सेवाग्राम तर आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी शाळेच्या सहलीत पाह्यलंच असेल. तेव्हा आपलं लक्ष डब्यातल्या पुरी-भाजीकडे होतं. मी मागे पाहुण्यांना घेऊन गेले तेव्हा नीट पाह्यलं. 1936 मध्ये तिथलं पहिलं घर, आदी निवास, बांधताना गांधीजींची अट होती की खर्च 500 रुपयांच्या वर जायचा नाही अन् सामान आसपासच्या भागातलंच घ्यायचं. माती, बांबू, लाकूड, छपरावरचे मातीचे कवेलू. बापू कुटीत गेलं की दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे छप्पर खाली उतरलेलं आहे, त्यामुळे भिंतीवर थेट ऊन फार येत नाही. अन् दुसरं म्हणजे आत सामानच नाही, चटई, बैठं डेस्क, बस. तरी भिंत भकास नाही, गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठावाची ताडाची झाडं अन् चरखा काढलेला आहे, भिंतीच्याच रंगाचा. सजावट म्हणायची तर ही, डोळ्याला टोचत नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी मातीच्या घरात राहायला जा असं मी म्हणत नाही हां. आमच्या घराला समोर दोन स्लॅबच्या खोल्या अन् मागे जुनी मातीची खोली आहे, हातभर जाड भिंत, वर कवेलू. ते पाडून मोठा हॉल करायचं आमच्या घरात दर दिवाळीला निघते अन् दर उन्हाळ्यात सगळे त्याच खोलीत येऊन झोपतात. पण तिचा तापही कमी नाही. वानरांची टोळी एकदा छतावर नाचून गेली की कवेलू फुटले, पावसाळ्याआधी फेरायचे तर ते काम करणारी माणसं गावात आता बोटावर मोजण्याइतकी, उधई लागते, इंचू निघतो, दर सणाला सारवण. लोकांनी टिना टाकल्या त्या काही हौस म्हणून नाही टाकल्या. ज्यांच्याकडे जुनी खोली अजून धड उभी आहे त्यांनी ती पाडायची घाई करू नये, एवढंच.

घरकुलवाल्यांचं वेगळं. सरकारी योजनेच्या पैशात 25 चौरस मीटरचं घर, त्यात बैठक, चूल, देव, पोरांचा अभ्यास, सगळं. वर टिन असेल तर खालून बुरडाकडून बांबूच्या ताट्या विणून घ्या अन् टिन अन् ताटीच्या मधात वीतभर जागा सोडा, ती मधली हवाच काम करते. थर्माकोलचं सीलिंग स्वस्त दिसते पण वरून वायर गेलेली असेल तर आगीची भीती, मी तरी लावणार नाही.

आता आवाज. विदर्भातलं घर उन्हाळ्यात कुलरच्या आवाजात जगते. टीव्ही कुलरच्या वर, बोलणं टीव्हीच्या वर, अन् मंग शेजारी समजतात यांच्यात भांडण चालू आहे. अर्धा आवाज कुलरचा नसतोच, स्टँडचा अन् खिडकीच्या गजाचा असतो. पायाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, पत्रा खिडकीला टेकत असेल तिथंही घाला, फरक लगेच कळते. कुलर आत ठेवू नका, खिडकीबाहेर ठेवा, अन् समोरच्या बाजूची खिडकी उघडी पाहिजे, ओली हवा बाहेर निघाली नाही तर नुसती चिपचिप होते. खारपाणपट्ट्यातल्या लोकांना, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असते त्या अकोला, दर्यापूर तिकडच्यांना वेगळी कटकट, बोअरचं पाणी असेल तर कुलरच्या ताटीवर क्षार जमून ती दगडासारखी होते, मध्ये मध्ये धुवावीच लागते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पोसले जातात.

अन् घुमण्याचं! नवीन स्लॅबची खोली, खाली चकचकीत टाइल्स, भिंती कोऱ्या, त्यात एक भांडं पडलं तर अख्खं घर दणाणते. हे मला कळलं कापसामुळे.

कापसाचं ज्याला माहीत नाही त्याला सांगते. दसरा-दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो अन् भाव मनासारखा मिळेपर्यंत घरातच राहतो. 2022 मध्ये भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला तेव्हापासून तर प्रत्येकाला वाटते आपण थांबलो तर पुन्हा तसंच होईल. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव 7521 होता, 2025-26 ला 8110 झाला, पण खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येऊन काय सांगते ते वेगळंच, मंग थांबा. थांबा म्हणजे समोरची खोली छताला भिडेपर्यंत कापसानं भरलेली, पाहुणे आले तर ओसरीत, पोरगा अभ्यासाला स्वयंपाकखोलीत, अन् अंगाला खाज वेगळी. त्या कापसातून किडे निघतात, बोंडअळीही त्यातच दबून राहते अन् पुढच्या हंगामाला वावरात जाते.

कोणता इंटेरिअर डिझायनर याचं उत्तर देते सांगा मला. आमच्यापुरतं आम्ही असं केलं की कापसाची खोली पक्की ठरवून टाकली, एकच, बाजूची, जिथं कोणी झोपत नाही. बैठकीत एक बोंडही यायचं नाही. त्या खोलीतला बोर्ड बंद, चार्जिंग नाही, उदबत्ती नाही, बिडी तर नाहीच. दाराला जुन्या लुगड्याचा जाड पडदा. अन् फवारणीची औषधं, पंप, हे घराच्या आत कुठंच नाही, ते गोठ्याजवळच्या कुलूपवाल्या पेटीत. यवतमाळात 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते आपण पाह्यलं आहे, तरी अजून किती घरांत डब्बा देवघराच्या खालच्या फळीवर असते.

तर त्या कापसाच्या खोलीत उभं राहून बोललं तर आवाज भिंतीत जिरतो, अजिबात घुमत नाही. तेच कापूस विकल्यावर खोली रिकामी झाली की ढोल. म्हणजे मऊ वस्तू पाहिजेत. मंग सासूबाईंच्या वाकळी, ज्या पेटीत दाबून ठेवल्या होत्या, त्यातली एक बैठकीच्या भिंतीवर टांगली अन् एक दिवाणवर टाकली. सुती लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली वाकळ, रंग उडालेले, म्हणूनच डोळ्याला बरे लागणारे. पहिले सासूबाई चिडल्या, "फाटकं भितीवर कायले लावतं, लोक काय म्हणतीन?" आता आल्या-गेल्याला त्याच सांगतात कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा.

लाइटचं पटकन सांगते. एलईडीच्या खोक्यावर 6500के लिहिलेलं असते तो पांढराफटक लाइट, सगळ्या गावात तोच, कारण दुकानदार तोच ठेवते. 2700 किंवा 3000के मागा, पिवळसर मिळतो, पैसे तेवढेच. पोराच्या अभ्यासाला अन् सुईत दोरा घालायला पांढरा राहू द्या, पण जेवायला-बसायला पिवळा. रंगाचं तर त्याहून सोपं. चुन्यात किंचित नीळ, आपल्या आज्या करायच्या तेच. पोपटी अन् जांभळा एकाच खोलीत मारणाऱ्या पेंटरचं ऐकू नका, तो डबे संपवायला पाहते.

अन् शोकेस. लग्नात आलेली घड्याळं, काचेतली बदकं, प्लास्टिकची फुलं, न वापरलेले कपबशीचे सेट, वर तीन सालाचे कॅलेंडर एकावर एक. मी सगळं फेकलं नाही, आहेराची वस्तू फेकली की नातेवाईक बरोबर त्याच आठवड्यात येतो. जुन्या खोलीच्या भिंतीत दिवळी आहेत, त्या झाडून घेतल्या अन् एका दिवळीत एकच वस्तू असा नियम केला, बाकीचं कोठीत. दिवाळीला बदलायचं. शोकेसला आता दार लावलं, सनमायकाचं, काचेचं नाही. आत काय आहे ते आपल्याला माहीत, बस झालं.

राह्यला टीव्ही. तो बैठकीच्या मधोमध आहे अन् त्याचा आवाज सगळ्या घराला पुरतो. मी सासऱ्यांना म्हटलं, मामाजी, आतल्या खोलीत लावू, तिथं थंड आहे. तर मामाजी म्हणाले, "आतमध्ये बसून बातम्या पाहू त कापसाचा व्यापारी दारावरून निंघून जाईन, मले दिसन का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सध्या त्यांना कानातली मशीन घ्यायचं चालू आहे, नागपूरला जायचं आहे त्यासाठी, भाव पटला अन् कापूस निघाला की.