आईची वारी, पालेर्मोच्या डोंगरावर

यंदा आई वारीला गेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी लांब चालायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि ज्या दिवशी माउलींची पालखी दिवे घाट चढत होती त्या दिवशी ती टीव्हीसमोर बसून रडली. मग मला इकडे मिलानला फोन केला आणि म्हणाली, "तू हाईस तिथं चार पावलं चाल गं माझ्या नावानं, देऊळ कुठलंबी असूदे." मी हो म्हणलं खरं, पण इथं चालायचं कुठं?

ऑफिसात एक मैत्रीण आहे, श्रीलंकेतल्या जाफनाकडच्या तमिळ घरातली, हिंदू, पण जन्मापासून इटलीच्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात वाढलेली. तिला सहज सांगितलं तर ती म्हणाली, मग 3 सप्टेंबरला माझ्या घरी ये, अम्मा त्या रात्री सांता रोझालियाचा डोंगर चढते, तिच्याबरोबर जा. मला आधी कळेचना, हिंदू बाई ख्रिस्ती संतिणीचा डोंगर का चढते. तर पालेर्मोतले कितीतरी तमिळ हिंदू रविवारी सकाळी तो डोंगर चढून जातात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि गावातल्या लोकांना त्याचं काहीच वेगळं वाटत नाही.

रोझालिया ही सगळ्या शहराची राखणदार. बाराव्या शतकातली, नॉर्मन राजांच्या काळातली मोठ्या घरची मुलगी, लग्न नको म्हणून घर सोडून गुहेत जाऊन राहिली. क्विस्क्विना नावाच्या डोंगरातल्या एका गुहेत तिच्या नावाचा लॅटिन लेख आहे, प्रभूच्या प्रेमापायी मी या गुहेत राहायचं ठरवलंय असा. हे ऐकलं आणि मला एकदम कान्होपात्रा आठवली, बादशहाचं बोलावणं आलं तरी विठ्ठलाच्या पायाशीच राहिलेली. रोझालिया शेवटी पालेर्मोजवळच्या मोन्ते पेलेग्रिनोवर आली आणि तिथंच गेली. पेलेग्रिनो म्हणजे इटालियनमध्ये यात्रेकरू, आणि 4 सप्टेंबर हा तिच्या जाण्याचा दिवस, म्हणजे आपल्याकडं पुण्यतिथी म्हणतो तसा.

पण शहरानं तिला डोक्यावर घेतलं ते पुढं साडेचारशे वर्षांनी. 1624 साली ट्युनिसहून आलेल्या जहाजाबरोबर पालेर्मोत प्लेग शिरला. शहराच्या आधीच्या चार राखणदार संतिणी होत्या, क्वात्रो कांतीच्या चौकात चार कोपऱ्यांवर त्यांचे पुतळे अजून आहेत, त्यांची प्रार्थना करून झाली पण माणसं मरतच राहिली, व्हाइसरॉयसुद्धा त्या साथीतच गेला. त्या जुलैत डोंगरावरच्या गुहेत हाडं सापडली. पण ती कुणाची यावर काही एकमत होईना. मग 1625 च्या फेब्रुवारीत विन्चेन्झो बोनेल्ली नावाचा साबण करणारा माणूस डोंगरावर गेला, बायको प्लेगनं गेलेली, त्याला जगायचंच नव्हतं. तिथं त्याला रोझालिया दिसली असं सांगतात, हाडं माझीच आहेत, ती शहरातनं मिरवा असं आर्चबिशपला सांग म्हणाली. त्यानं निरोप पोचवला आणि तोही प्लेगनंच गेला. 9 जूनला ती हाडं मिरवणुकीनं शहरभर फिरवली आणि साथ ओसरली. या बोनेल्लीचं मला फार वाईट वाटतं, ज्याचं सगळं गेलं होतं त्यानं दुसऱ्यांसाठी निरोप आणला.

तेव्हापासून जुलैत मोठा सोहळा असतो, 14 च्या रात्री रथ निघतो, क्वात्रो कांतीला महापौर रथावर चढून "विवा पालेर्मो ए सांता रोझालिया" म्हणून ओरडतात आणि सगळा रस्ता ओरडतो. 2024 ला तो 400 वा झाला. तो बघण्यासारखा असतोच, पण अम्मा म्हणतात तो शहराचा, सप्टेंबरचा आपला. या चढण्याला सिसिलीच्या बोलीत आक्यानाता म्हणतात, म्हणजे चढणंच, आणि रोझालियाला सगळे सांतुत्सा म्हणतात, आपण माउली म्हणतो ना तितक्याच मायेनं.

3 तारखेला संध्याकाळी अम्मांनी बाल्कनीतल्या झाडाचा चाफा काढला. पालेर्मोत घरोघरी चाफा आहे, तिथं त्याला पोमेलिया म्हणतात, शहराचं फूलच ते. ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ती फुलं पिशवीत ठेवली. डोंगराच्या पायथ्याला खाण्याच्या गाड्या लागलेल्या, मी पावात घातलेल्या पानेल्ले खाल्ल्या, हरभऱ्याचं पीठ शिजवून थापून कापून तळलेलं, अगदी आपल्या पाटवड्या तळल्यासारखं. अम्मांनी काही खाल्लं नाही, वर जाऊन आल्यावर म्हणाल्या, नुसत्या हातानंच.

साडेदहाला चढायला लागलो. जुनी दगडी वाट आहे, नागमोडी, मधे मधे डांबरी रस्ता ओलांडते आणि परत डोंगरात शिरते. एकूण अंतर चारेक किलोमीटरचंच पण चढ सोडत नाही, आणि दगड इतक्या पायांनी गुळगुळीत झालेत की उजेड कमी असला की पाऊल जपूनच टाकावं लागतं. माझ्या पुढं एक चाळिशीतला माणूस झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन अनवाणी चाललेला, मागं कॉलेजची पोरं मोबाइलच्या टॉर्चवर, कडेला दगडावर बसून जपमाळ ओढणाऱ्या आज्या. मधेच वरून कुणीतरी "विवा सांता रोझालिया" म्हणायचं आणि खालपर्यंत वळणावळणावरून आवाज येत जायचा. टाळ नाही, मृदंग नाही, अभंग नाही, पण पुढच्याच्या पावलाला पाऊल लावून चालायची लय तीच, लहानपणी आईबरोबर लोणंद ते फलटण चालले होते ती. दुसऱ्या वळणावर मी बूट काढून पिशवीत टाकले. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होते.

अम्मांना तमिळ आणि सिसिलियन येतं, मला मराठी आणि ऑफिसातलं इटालियन, त्यामुळं बोलणं फार झालं नाही. एका वळणावर खालचं बंदर आणि सगळं शहर दिव्यांनी उजळलेलं दिसलं तिथं त्या थांबल्या आणि एक एक दिवा दाखवत सांगायला लागल्या, इथं पहिलं घर, इथं दवाखाना, इथं मुलगी झाली. जाफना सोडून आल्या तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं, पहिल्या रविवारी शेजारणीनं या डोंगरावर आणलं. एवढं मला कळलं, बाकीचं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

वर पोचायला एक वाजला. देवळाचं तोंड कड्यालाच बांधलंय, शेवटच्या पायऱ्या काही जण गुडघ्यांवर चढत होते, एक बाई तर थांबून थांबून, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी अनोळखी माणसं हात धरून. आईचे गुडघे आठवले आणि मला पुढं बघवेना. आत गुहा आहे, थंड, छताला पत्र्याच्या पन्हाळी लावल्यात कारण डोंगरातनं पाणी सारखं ठिबकत असतं, ते पवित्र मानतात. काचेमागं संगमरवरी रोझालिया आडवी पहुडलेली, अंगावर सोन्याचं वस्त्र. भिंतीला चांदीचे हात, पाय, डोळे, काळीज, नवस फेडलेल्यांनी वाहिलेले. त्यात एक गुडघाही होता, मी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. अम्मांनी फडकं सोडून चाफा ठेवला, दोन फुलं माझ्या हातात दिली, एक तुझ्या आईचं अशी खूण केली.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते, घरी साडेपाच, आई उठलेली असणार म्हणून व्हिडिओ कॉल केला. तिनं सगळ्यात आधी विचारलं, "अनवाणी चढलीस व्हय?" मग अम्मांना बघून हात जोडले, "रामकृष्ण हरी माउली" म्हणाली, अम्मांनीही हात जोडले आणि तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, त्यातलं रोझालिया तेवढं आम्हा दोघींना कळलं. आई म्हणाली, "त्यांच्या पाया पड माझ्या वतीनं." मी वाकले, अम्मांचे पाय धुळीनं पांढरे झालेले, आणि मी वर यायच्या आत त्याच वाकल्या, वारीत वाकतात तशा, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फोन माझ्या हातात तसाच, आणि पलीकडं आई काहीच बोलत नव्हती.