मेन बेअरिंग आणि चिठ्ठीवरचे ‘ओके’

जुन्या मारुती एस्टीमचे 1298 सीसीचे इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वरही निर्धास्त फिरावे, एवढ्यासाठी मी गेल्या उन्हाळ्यात ते साताऱ्यात उघडले. पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्हच्या कामात लिहिण्यासारखे काही घडले नाही. अडलो तो मेन बेअरिंगवर, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ज्यांत फिरतो त्या दोन-दोन अर्ध्यांच्या कड्यांवर, आणि तेही बेअरिंग मिळेना म्हणून नव्हे, तर क्रँकचे माप कोणी आकड्यांत लिहून देईना म्हणून.

या इंजिनाचे मेन जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, 45 मिलिमीटरचे असून कंपनीने ठरवलेला क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि बेअरिंगमधली फट, 0.020 ते 0.040 मिलिमीटर आहे. जोरात पळवायच्या इंजिनाला जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे इथे 0.045, ठेवावा असा जुना ठोकताळा आहे. परंतु हा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने तापल्यावर तो पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो आणि क्लिअरन्स आपोआप वाढतो, म्हणून मी 0.040 च्या आसपास थांबायचे ठरवले. मेन बेअरिंग पाच जाडींत येतात आणि त्यांवर रंगाची खूण असते. हिरवे सर्वांत पातळ, निळे सर्वांत जाड, आणि लगतच्या दोन रंगांत फरक अवघा 3 मायक्रॉनचा, म्हणजे 0.003 मिलिमीटरचा. दोन्ही अर्धे एका पायरीने बदलले की क्लिअरन्स 6 मायक्रॉनने बदलतो, एकच बदलला की 3 ने. जिथे 3 मायक्रॉनचा हिशेब करायचा, तिथे ‘ओके’ या शब्दाला काय अर्थ आहे?

तरीही औद्योगिक वसाहतीतल्या ज्या ग्राइंडिंगवाल्यांकडे क्रँक दिला, त्यांनी चिठ्ठीवर तेवढेच लिहिले. आधी त्यांचा आग्रह होता की, जर्नल घासून सरळ 0.25 मिलिमीटरने बारीक (अंडरसाईज) करावे, कारण सगळे तसेच करतात. जर्नलवर नखाला अडेल अशी एकही रेघ नव्हती, म्हणून मी फक्त पॉलिश करून पाचही मेन जर्नलची मापे लिहून द्या, असे सांगितले. चार दिवसांचा वायदा होता, तीन आठवडे गेले. दुसऱ्या फेरीला चिठ्ठी मिळाली, त्यावर पाच जर्नलपुढे पाच वेळा ‘ओके’. आकडे मागितल्यावर मिस्त्री म्हणाले, “अवो साहेब, ओके म्हंजे ओके की. ट्रॅक्टरचे क्रँक ह्याच मापावर पळत्यात.” मला ट्रॅक्टर पळवायचा नव्हता. मी राग गिळला आणि पुन्हा आलो.

तिसऱ्या फेरीला मी हटूनच बसलो, तेव्हा एका पोराने मायक्रोमीटर लावून मधल्या जर्नलचे माप 44.996 सांगितले. बेअरिंग बसवून, त्यावरची कॅप ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून मी घरी आतले माप घेतले होते, ते 45.030 होते. म्हणजे क्लिअरन्स 0.034, आणि बसवलेले, हिरव्याहून एक पायरी जाड असलेले काळ्या खुणेचे बेअरिंग काढून हिरवे घ्यायचे, असा माझा हिशेब झाला. दुकानात जाण्यापूर्वी क्रँक उचलून गाडीत ठेवायला गेलो, तर तो हाताला चांगलाच कोमट लागला. सकाळपासून तो शटरजवळ उन्हात उभा होता आणि मायक्रोमीटर मात्र आत पंख्याखालच्या कपाटात. 45 मिलिमीटरचे पोलाद दर अंशाला साधारण अर्धा मायक्रॉन वाढते. क्रँक रात्रभर घरच्या फरशीवर, माझ्या मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवला आणि सकाळी मोजले, तर माप 44.989 आले. खरा क्लिअरन्स 0.041 होता. हिरवे बेअरिंग टाकले असते तर तो 0.047 झाला असता, आणि त्याबद्दल मी त्या मिस्त्रींच्याच नावाने खडे फोडले असते. अर्थात, आकडा पहिल्याच फेरीला मिळाला असता तर ही चूकही तेव्हाच कळली असती. त्यांच्यावरचा माझा राग त्यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. पाचव्या जर्नलला मात्र क्लिअरन्स 3 मायक्रॉन कमी भरला, तिथे एक अर्धा काळा आणि एक हिरवा घातला. असे मिश्रण एका पायरीपलीकडे करू नये.

आतले माप दोन अर्ध्यांच्या जोडाजवळ घेऊ नये, कारण तिथे शेल, म्हणजे बेअरिंगचा अर्धा तुकडा, मुद्दाम किंचित पातळ केलेले असते. ते जोडाशी काटकोनात घ्यावे. फटीत दाबून ती मोजायच्या मऊ दोऱ्याची, म्हणजे प्लॅस्टिगेजची, चपटी झालेली पट्टी नंतरच्या खात्रीपुरती ठीक, निवड तिच्यावर करू नये.

बेअरिंगचा धातू ठरवण्याआधी क्रँककडे पाहावे. त्याच्या अंगावरची साच्याची जोडरेघ बारीक असेल तर क्रँक ओतीव, रुंद पट्टा असेल तर फोर्ज केलेला, म्हणजे ठोकून घडवलेला. ओतीव क्रँकला सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमचे बेअरिंग मानवते, कारण सिलिकॉनचे कण जर्नलवरची बारीक कुसळे घासून काढतात. फोर्ज केलेल्या क्रँकला आणि जास्त भाराला पोलाद, तांबे-शिसे आणि वरचा मऊ थर असे तीन थरांचे बेअरिंग घ्यावे. मात्र तो मऊ थर इतका पातळ असतो की तेलातली धूळ त्याला सोसत नाही.

एक राहिलेच. शेल बसवताना पाठीला तेल लावू नये. तेल फक्त आतल्या बाजूला. पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून, तेलाच्या, दाबाचा काटा हलेपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवावे. मी तसेच केले. यवतेश्वरचा घाट चढून आल्यावर, इंजिन पूर्ण तापलेले असताना, चार हजार फेऱ्यांना तेलाचा दाब 4 किलोच्या आसपास होता. पहिले तेल बदलताना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून पाहिला. त्यात चमकणारा एकही कण नव्हता.