बैल वळतो तसं, पण तोंड?

ड्रोननं फवारणी म्हणजे लोकांना रिमोटचा खेळ वाटतो. खरं काम जमिनीवरचं असतं. धुऱ्यानं, म्हणजे बांधानं चालत शेताचे कोपरे नोंदवायचे, विहीर, बाभूळ, विजेची तार नकाशातून वगळायची, औषध बादलीत कालवून, गाळून मगच १० लिटरच्या टाकीत ओतायचं. गाळलं नाही तर नोझल तुंबतो आणि शेतकऱ्यासमोर शोभा होते ती वेगळीच. पुढचा एकर सात-आठ मिनिटांत होतो.

त्या दिवशी यवतमाळकडच्या एका गावात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर मशीन सोडलं. धुऱ्यावर बसलेले म्हातारे काकाजी बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे तं डवऱ्यावानी चालून रायलं. एक तास गेलं, एक तास आलं."

डवरा म्हणजे बैलांनी ओढायचं कोळपं, आणि तास म्हणजे पिकाची ओळ. मला हसू आलं, कारण पुस्तिकेत या मार्गाचं नाव तेच आहे: बूस्ट्रोफिडॉन. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी 'परीक्षेत येत नाही' म्हणून तो शब्द उडवला होता. (निम्मं प्रशिक्षण असंच उडालं.) मी नंतर शोधला. ग्रीकमध्ये बूस म्हणजे बैल, स्ट्रेफाइन म्हणजे वळणं. बैल वळतो तसं. मुळात हा शब्द लिखाणाचा. एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. क्रीट बेटावर गॉर्टिनला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले कायदे दगडी भिंतीवर असेच कोरलेत.

काकाजींना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. "बैल परतला का त्याचं तोंड फिरते, बाबू. याचं कोठी फिरलं? हे तं उलट्या पायानं येऊन रायलं."

खरंच होतं. ड्रोन टोकाला थांबतो, बाजूला सरकतो आणि नाक न वळवता मागे येतो. गॉर्टिनच्या भिंतीवर तर उलट्या ओळीत अक्षरंही आरशातल्यासारखी फिरवलेली आहेत. म्हणजे शब्द काकाजींच्या बाजूनं.

मग ते उठले आणि मला धुऱ्याकडं घेऊन गेले. काठची दोन तासं कोरडी होती. सुरक्षेसाठी अ‍ॅप काठाला अंतर सोडतं; कमी करता येतं, पण पलीकडे तार होती. बैल जिथं परततो, नेमकी तिथंच आमची फवारणी संपते, आणि जाहिरातीत हे कोणी दाखवत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक माणसं गेली. त्याच जिल्ह्यात ती दोन तासं काकाजींच्या मुलानं पाठीवरच्या पंपानं मारली. मास्क माझ्याकडचा दिला. त्यानं तो हनुवटीवर ठेवला.